केरबानं मशीनमध्ये अक्कल घातली

एका गावात एक भोळा शिपाई होता आणि पुष्कळ शहाणी माणसं होती. गावाची वाट कोणी लावली, ते शेवटी तुम्हीच ठरवा.

गावाचं नाव हिंगणमळा. शिपायाचं नाव केरबा. गावच्या हायस्कुलात तो घंटा द्यायचा, पाणी भरायचा, फळे पुसायचा. केरबात एकच खोट होती. जे सांगाल ते तो करायचा. आणि जे सांगाल तेच करायचा.

तिसरीत असताना गुरुजी म्हणाले होते, "शुद्धलेखन घ्या. मी सांगतो तेवढंच लिहा." सगळ्या पोरांनी पानभर धडा उतरवला. केरबानं एकच शब्द लिहिला, 'तेवढंच'. गुरुजींनी छडीनं हात सुजवला. नीट बोलता येत नाही म्हणून गुरुजींना कोणी छडी मारली नाही. शाळेत अशी सोय नसते.

तर केरबा मोठा झाला आणि त्याच शाळेत शिपाई झाला. पण हंगामी. संस्थेचे चेअरमन नाना शिंगाडे दर वर्षी म्हणायचे, "पुढल्या वर्षी तुला कायम करतो." पुढलं वर्ष यायचं, नाना तेच वाक्य पुन्हा म्हणायचे. नानांना नवीन वाक्य सुचायचं नाही.

या 'कायम'वर केरबाचं लग्न अडलं होतं. शेजारच्या वस्तीवरच्या तातोबाची पोरगी सारिका. दोघांना एकमेकं पसंत. तातोबा म्हणायचा, "पोरगा गरीब आसंना का, खुळा आसंना का. कायम पायजे."

अशात शहरातल्या कुठल्याशा कंपनीनं आपली जुनी मशीनं शाळेला देऊन टाकली. दहा कॉम्प्युटर आणि वर एक मोठा, काळा, जडशीळ सर्व्हर. नानांनी लगेच गुरुवारी उद्घाटन ठरवलं. तालुक्याच्या साहेबांना बोलावलं. मांडव सांगितला. सर्व्हर म्हणजे काय, हे मात्र कोणाला विचारलं नाही. चेअरमन माणसानं विचारायचं नसतं.

नाना म्हणाले, "केरबा, गुरवारी साहेबाम्होरं ह्यो डबा चालला की तू कायम. न्हाई चालला, तर शुक्रवारपास्नं येऊ नगंस."

आता तुम्ही विचाराल, शाळेला कॉम्प्युटरचे मास्तर नव्हते का? होते की. टेमगिरे सर. सर्व्हरच्या प्रशिक्षणालाही तेच जाऊन आले होते. मागच्या बाकावर झोप काढून, एक प्रमाणपत्र आणि एक पेनड्राइव्ह घेऊन परतले होते. सरांनी मनाशी पक्कं केलं होतं, आपण मशीनला बोट लावायचं नाही. चाललं तर 'मी शिकवलं'. बिघडलं तर 'केरबानं बिघडवलं'.

सर खुर्चीत बसले आणि शिकवू लागले.

"हे बघ केरबा. सर्व्हर म्हणजे वाढपी. बाकीची मशीनं पंगतीत बसलेली. ती मागणार, हा वाढणार. पण वाढप्याला आधी अक्कल पाहिजे. कुठं काय ठेवलंय, कोणाला काय द्यायचं. ती अक्कल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. ती या पेनड्राइव्हमध्ये आहे. ती आपल्याला मशीनमध्ये घालायचीय."

अक्कल पेनड्राइव्हमधून घालता येते हे सरांना आधी कळलं असतं, तर बरं झालं असतं. असो.

"तर आधी मशीनं मांड. मी पान खाऊन येतो."

सर पान खाऊन आले. बघतात तर टेबलं रिकामी. दहाही कॉम्प्युटर जमिनीवर, समोरासमोर दोन रांगांत. प्रत्येकासमोर पत्रावळ. पत्रावळीवर चिमूटभर मीठ. मधोमध सर्व्हर, आणि त्याच्या डोक्यावर पळी.

"हे काय रे?"

"पंगत, सर. वाढपी हुबा ऱ्हाईना, म्हणून बसवलाय."

सरांनी पान गिळलं. "गाढवा! मशीनच्या कामाचं जे जे असेल ते जमिनीवर ठेवायचं नाही. सगळं वर टेबलावर ठेवायचं. समजलं?"

"व्हय सर. मशीनच्या कामाचं समदं टेबलावर."

केरबानं मशीनं टेबलांवर चढवली. सर म्हणाले, "आता पेनड्राइव्ह लाव आणि बूट करून ठेव. मी आलोच, तंबाखू संपली."

केरबानं पेनड्राइव्ह लावला. मग विचारात पडला. बूट. शाळेत पोरं अनवाणी, नाहीतर चपला. बूट दोघांचेच, नानांचे आणि सरांचे. आणि कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर तर पाटीच होती, 'बूट-चपला बाहेर काढा'. सरांचे बूट दारात पडले होते, कारण सर चौकापर्यंत नेहमी केरबाच्याच चपला घालून जायचे. स्वतःचे बूट झिजू नयेत म्हणून.

केरबानं बूट उचलले. मशीनच्या कामाचं, म्हणजे टेबलावर. नीट पुसून सर्व्हरवर ठेवले. टाचा भिंतीकडे, नाकं पुढं.

सर आले. बघत राहिले. "माझे बूट तिथं काय करतायत?"

"तुमीच म्हणालासा, बूट करून ठेव."

"अरे शुंभा, बूट म्हणजे चालू करणं! पायातले नव्हे! या खोलीत बूट म्हटलं की चालू करणं, एवढंच डोक्यात ठेव!"

"व्हय सर. ह्या खोलीत बूट म्हंजे चालू."

मशीन चालू झालं. पडद्यावर एक निळी पट्टी आली आणि हळूहळू पुढं सरकू लागली. सर म्हणाले, "ही पट्टी उजव्या टोकाला गेली की अक्कल शिरली. बघत बस." आणि चहाला गेले. सरांची तहान मोठी.

पट्टी पाव झाली, अर्धी झाली, पाऊण झाली. इतक्यात नाना शिंगाडे पाहणीला आले. नानांचे गुडघे दुखायचे, वाकता यायचं नाही. दारातली पाटी वाचून ते स्टुलावर टेकले, पाय पुढं केले आणि म्हणाले, "केरबा, बूट काढ रे."

केरबानं आठवलं. ह्या खोलीत बूट म्हणजे चालू. बूट काढ म्हणजे चालू काढ. तो उठला, भिंतीकडे गेला आणि सर्व्हरची पिन उपटली. पडदा काळा झाला.

"काढलं, नाना."

नाना पाय पुढं करून बसले होते ते बसलेच. "आरं, माज्या पायात हायेत की आजून!"

सर चहा घेऊन आले आणि कप हातातून सुटायचा राहिला. "अरे मूर्खा! चालू काम मध्येच बंद करतात का? जळून गेलं असतं! आभाळ कोसळलं तरी चालू काम मध्ये थांबवायचं नाही. संपेपर्यंत हात लावायचा नाही. सतरांदा सांगायचं का?"

एकदाही सांगितलं नव्हतं. पण मोठ्या माणसांचं गणित असंच असतं.

"व्हय सर. चालू काम मदी थांबवायचं न्हाई."

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा निळी पट्टी. आणि दुपारी पाण्याची टाकी भरायची वेळ झाली, म्हणून केरबानं मोटार लावली. टाकी सभागृहाच्या डोक्यावर होती. सभागृहात नानांची मोठी तसबीर होती, हातानं रंगवलेली, हार घातलेली. माणूस जिवंत असताना तसबिरीला हार घालायची पद्धत नाही, पण नानांना तेवढा धीर नव्हता.

टाकी भरली. वाहू लागली. आधी छत ओलं झालं, मग भिंत, मग तसबीर. नानांच्या मिशीचा रंग ओघळून हनुवटीवर आला. कपाळाचा टिळा नाकावर आला. पोरं बाहेर उड्या मारत नाचायला लागली.

"मोटार बंद कर!" सर व्हरांड्यातून ओरडले.

"न्हाई सर. चालू काम हाय."

"अरे, पाणी वाहतंय!"

"आभाळ कोसळलं तरी न्हाई, सर." केरबा मोटारीच्या बटणापुढं हात पसरून उभा राहिला. सरांना त्याच्या अंगावर जायची हिंमत झाली नाही. केरबा रोज पाण्याचे हंडे वाहायचा, सर फक्त पानाचा डबा.

शेवटी गावाची वीज गेली म्हणून पाणी थांबलं. वीज गेली म्हणून सर्व्हरही थांबला. अक्कल पुन्हा अर्धवटच राहिली.

सरांनी कपाळाला हात लावला. "अरे, तुला कळत नाही तर निदान विचारावं! हे लोखंडाचं मशीन बघ. ते सुद्धा काही करायच्या आधी विचारतं. 'नक्की ना? हो की नाही? हो म्हणालात तर आधीचं सगळं पुसलं जाईल.' मशीनला कळतं, आणि तू माणूस!"

"व्हय सर. आधी इचारायचं."

त्याच संध्याकाळी केरबाची आई त्याला घेऊन तातोबाच्या वस्तीवर गेली. नानांनी 'कायम'चं बोलून दाखवलंय, हे तातोबाच्या कानावर गेलं होतं. चहा झाला, पोहे झाले. तातोबानं घसा साफ केला. "आता लांबण कशाला लावायची? केरबा कायम झाला, की आमची सारिका तुमची. माजा होकार हाय."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. केरबा पुढं सरकून बसला.

"नक्की?"

"आँ?"

"नक्की ना? व्हय का न्हाई? व्हय म्हणालासा तर आधीचं समदं पुसलं जाईल."

तातोबाचा चेहरा कांद्यागत लाल झाला. "आधीचं म्हंजे? माज्या पोरीचं आधीचं काय?"

आतून सारिकाचा आवाज आला, "आधीचं काय असाया तुम्ही मला दारातनं हालू कवा दिलंसा?" आणि ती खुदकन हसली. तिच्या हसण्यानं तातोबा आणखी भडकला. "गुरवारी कायम हो, मग तोंड दाखव! न्हाईतर पोरगी दुसरीकडं देतो!"

दुसऱ्या दिवशी आईनं शाळेत येऊन सरांपुढं पदर डोळ्याला लावला. सरांनी केरबाला बोलावलं. "प्रश्न कशाला विचारतोस रे दळभद्र्या? आज हे संपवायचंय. मशीन शंभर गोष्टी विचारेल. वाचत बसायचं नाही. मी कधी वाचतो का? जे विचारेल त्याला व्हय म्हणायचं आणि पुढं जायचं."

"व्हय सर. व्हय म्हणायचं, पुढं जायचं."

आणि काय सांगायचं! सरांच्या आयुष्यातली ही एकच शिकवणी लागू पडली. केरबा मशीनला व्हय म्हणत गेला, पुढं जात गेला. निळी पट्टी टोकाला लागली. अक्कल शिरली. केरबा हरखून दारात येऊन उभा राहिला, तर समोर नाना. पायात चपला. बूट घालून यायचं त्यांनी सोडलं होतं.

"केरबा, झालं का रं काम?"

"व्हय. पुढं."

"सगळं मास्तरानं केलं का तू केलंस? का मास्तर नुसता खुर्चीत पेंगत होता?"

"व्हय. पुढं."

"आन मला सांगतोय, मी रातंदिस राबलो म्हणून! म्हंजे मला येडा समजतोय व्हय त्यो?"

"व्हय. पुढं."

"आन तू बी?"

"व्हय. पुढं."

नाना काठी आपटत म्हणाले, "आरं, सगळं गावच मला येडा समजतंय का काय?"

"व्हय. पुढं."

नाना पुढं गेले नाहीत. मागं वळले आणि थेट टेमगिरे सरांच्या घरी गेले. हिंगणमळ्यात एका दमात इतकी खरी उत्तरं त्यापूर्वी कोणी कोणाला दिली नव्हती. म्हणून तर एवढा गहजब झाला.

सर धापा टाकत शाळेत आले. कान लाल झालेले. रागानं की नानांच्या हातानं, ते माहीत नाही.

"केरबा, तोंडाला कुलूप लाव! आता फक्त पासवर्ड राहिलाय. पासवर्ड म्हणजे या मशीनची किल्ली. ती ज्याच्याकडं तो मशीनचा मालक. मशीन मागेल तेव्हा तू टाक. तो कोणालाही कळता कामा नये."

"नानास्नी?"

"नानांना तर मुळीच नाही."

"तुमास्नी?"

सरांनी क्षणभर विचार केला. उद्या मशीनमधलं काही गेलं, तर नाना म्हणणार टेमगिरेनं नेलं. "मलाही नको सांगूस! मला यात गुंतवायचं नाही. कोणी म्हणजे कोणीही नाही. ज्याला कोणीच उघडू शकत नाही, तो सर्व्हर सुरक्षित. शिरलं डोक्यात?"

"व्हय सर. कोणी म्हंजे कोणीबी न्हाई."

सर जेवायला गेले. केरबा मशीनसमोर बसला. जेवण करून, वामकुक्षी काढून सर परत आले, तेव्हा केरबा घामानं निथळत होता, पण हसत होता. "टाकला, सर."

गुरुवार उजाडला. मांडव, माइक, फेटे, नारळ. सर्व्हर मधल्या टेबलावर, त्याला झेंडूचा हार. शेजारी मोठा पडदा. पुढच्या रांगेत तालुक्याचे साहेब. मागं अख्खं गाव, तातोबा आणि सारिकासकट. नानांनी भाषण ठोकलं, "ह्या सर्व्हरसाठी मी किती खस्ता खाल्ल्या..." टेमगिरे सरांनी भाषण ठोकलं, "माझ्या मार्गदर्शनाखाली..." साहेबांनी फीत कापली. मशीन चालू झालं. पडद्यावर एक रिकामी चौकट आली आणि त्यात एक उभी रेघ लुकलुकू लागली.

"हं," नाना म्हणाले. "आता?"

"आता पासवर्ड," सर ऐटीत म्हणाले. "केरबा, पासवर्ड सांग."

"न्हाई सांगायचा."

"अरे, मीच सांगितलं होतं तुला!"

"व्हय सर. तुमीच सांगितलं, तुमास्नी सांगायचा न्हाई."

नाना माइक हातात धरूनच ओरडले, "केरबा! मी चेअरमन इचारतोय!"

"तुमास्नी तर मुळीच न्हाई."

गावात खसखस पिकली. साहेबांनी घड्याळात बघितलं. रेघ लुकलुकतच होती. नानांनी दम दिला, हात जोडले, पुन्हा दम दिला. केरबा नुसती नकाराची मान हलवत राहिला. शेवटी टेमगिरे सर नानांच्या कानाला लागले. "नाना, किल्ली याच्याकडं आहे. हंगामी माणूस उद्या रुसून निघून गेला तर? याला आत्ताच्या आत्ता कायम करा. मग टाकेल."

नानांनी दात खाल्ले. पण साहेब उठायच्या बेतात होते. नाना माइकवर म्हणाले, "साहेबांच्या साक्षीनं सांगतो, केरबा आजपास्नं कायम!"

केरबानं मान वाकडी केली. "नक्की? व्हय का न्हाई? व्हय म्हणालासा तर आधीचं समदं पुसलं जाईल."

"व्हय रं माज्या बाबा, व्हय! पुढं!"

टाळ्या पडल्या. मागनं तातोबा उठून उभा राहिला. "मग आमचंबी व्हय!" सारिका दोन्ही हातांनी तोंड झाकून हसली. केरबाच्या आईनं तिथंच बोटं मोडून दोघांची दृष्ट काढली. चेअरमननं माइकवर म्हटलेलं मागं घेता येत नाही, आणि कायम माणसाला काढता येत नाही. टेमगिरे सर याच एका नियमावर इतकी वर्षं जगले होते.

"झालं ना मनासारखं?" सर म्हणाले. "आता सांगू नकोस. तुझ्या हातानं टाक."

केरबा जागचा हलला नाही. "मला कुठं म्हाईत हाय?"

अख्ख्या मांडवानं ते ऐकलं. माइक चालूच होता.

"म्हणजे? काल तू टाकलास ना?"

"टाकला की. पर तुमीच म्हणालासा, कोणी म्हंजे कोणीबी न्हाई. मी बी कोणतरी हायेच की, सर. मग मला तरी कसा कळू द्यायचा? म्हणून डोळं गच्च मिटलं आन एका बोटानं दाबत सुटलो. मशीन म्हणालं, पुन्हा टाका. पुन्हा डोळं मिटलं. जुळंना. चालू काम मदी सोडायचं नसतं. जुळंस्तवर दाबत ऱ्हायलो."

सरांनी पडद्याकडं बोट केलं. "मग... मग हे आता कोणालाच उघडणार नाही?"

केरबाचा चेहरा उजळला. त्याच्या उभ्या जन्मात पहिल्यांदा कुठलंतरी काम सांगितल्याबरहुकूम तडीस गेलं होतं. "कोणालाच न्हाई, सर! झाला न्हवं सुरक्षित?"

साहेबांना सगळ्यातला 'सुरक्षित' एवढाच शब्द कळला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी वाजवल्या म्हणून नानांनी वाजवल्या. नानांनी वाजवल्या म्हणून टेमगिरे सरांनी वाजवल्या, आणि मग सगळ्या गावानं वाजवल्या.

केरबानं तेवढ्या वाजवल्या नाहीत. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.